धृतीचे तीन प्रकार आणि रुग्णसेवेत परतू इच्छिणारी परिचारिका

गृहस्थाश्रमात असे अनेक प्रसंग येतात की, मनुष्याजवळ विद्या असते, शक्ती असते, काम करण्याची इच्छाही असते. परंतु काम देणारे दार उघडत नाही. एकदा ठोठावले, दोनदा ठोठावले, दहा वेळा ठोठावले, तरी आतून उत्तर येत नाही. अशा वेळी चित्ताची जी अवस्था होते, तिचा विचार श्रीमद्भगवद्गीतेने फार सूक्ष्मपणे केला आहे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी धृतीचे, म्हणजे धरून ठेवणाऱ्या शक्तीचे, तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांचे मनन आज आपण एका व्यवहारातील उदाहरणाच्या आधाराने करू.

समजा, एक भगिनी आहे. तिने जनरल नर्सिंगचा तीन-साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी केली आणि एका रुग्णालयात पाच-सहा वर्षे मनोभावे काम केले. पुढे विवाह झाला, मुले झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नोकरी सुटली आणि पाहता पाहता दहा वर्षे गेली. आता मुले शाळेत जाऊ लागली आहेत, घरखर्च वाढला आहे, आणि शिकलेली विद्या वाया जाते ही खंतही आहे. तिने पुन्हा रुग्णालयात जावयाचे ठरविले. अर्ज केले. कोठून उत्तर आले, 'अलीकडचा अनुभव नाही'. कोठून आले, 'वय अधिक आहे'. बहुतेक ठिकाणांहून 'कळवू' एवढेच सांगण्यात आले, आणि कोणी कळविले नाही. घरात कोणी म्हणाले, 'आता कशाला हा खटाटोप?' त्याहून वाईट असे की, हाच प्रश्न तिचे स्वतःचे मन रात्री तिला विचारू लागले.

अशी स्थिती आपल्या देशात पुष्कळ घरांतून आढळते. हा प्रश्न त्या एकट्या स्त्रीचा नाही. तिच्या घराचा आहे, आणि ज्या रुग्णाच्या उशाशी शिकलेला हात हवा आहे, त्या रुग्णाचाही आहे.

(१) शमीवृक्षावरील शस्त्रे

अज्ञातवासाच्या वर्षी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली आणि ते विराटाच्या नगरीत गेले. धनुर्धारी अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवू लागला. वर्ष सरत आले तेव्हा कौरवांनी गाई वळवून नेल्या, आणि अर्जुन उत्तराला घेऊन त्या शमीपाशी आला. विराटपर्वातील हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्यातील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. अर्जुन झाडाखाली बसून 'माझे एक वर्ष नाचगाण्यात गेले' असा शोक करीत नाही, आणि 'मी गांडीवधारी आहे' एवढ्या स्मरणावर रणात धावूनही जात नाही. तो शस्त्रे खाली उतरवून घेतो, हातांतील कांकणे काढतो, केस वस्त्राने बांधतो, धनुष्याला पुन्हा प्रत्यंचा चढवितो आणि मग रथ हाकावयास सांगतो.

घरातील दहा वर्षे म्हणजे विद्येचा नाश नव्हे. ती शमीवर बांधलेली शस्त्रे आहेत. सासूबाईंना कूस वळवून देताना, मुलाच्या तापात रात्र जागताना सेवाभाव गंजलेला नसतो. तथापि बांधून ठेवलेले धनुष्य प्रत्यंचेवाचून चालत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून परतणाऱ्याने दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात: विद्या गेलेली नाही, पण ती पुन्हा सज्ज करावयाची आहे.

(२) कर्माची पाच कारणे

नकार आला की मन तत्काळ एक निष्कर्ष काढते: 'मी नालायक आहे.' या निष्कर्षाची परीक्षा गीता करावयास लावते. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव.

नोकरी शोधण्याच्या कर्माला ती अशी लावून पाहता येतील. अधिष्ठान म्हणजे आधार. येथे शरीराचे आरोग्य, राहण्याचे ठिकाण, रात्रपाळीच्या वेळी मुलांना सांभाळण्याची घरातील व्यवस्था. कर्ता म्हणजे ती स्वतः, तिचे ज्ञान आणि स्वभाव. करण म्हणजे साधने: चालू असलेली नोंदणी, पदविकेची आणि अनुभवाची प्रमाणपत्रे, अद्ययावत केलेले कौशल्य. चेष्टा म्हणजे अर्ज, भेटी, विचारपूस, मुलाखत. आणि दैव म्हणजे जे आपल्या हाती नाही ते सर्व: जागा रिकामी आहे की नाही, किती उमेदवार आले, शासकीय भरतीची वयोमर्यादा काय, व्यवस्थापनाचे धोरण काय.

भगवंत पुढे असे सुचवितात की, पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी यथार्थ नाही. आपण हा उपदेश नेहमी यशाला लावतो. 'मी केले' असा गर्व करू नये, असा त्याचा अर्थ घेतो. परंतु तो अपयशालाही तितकाच लागू आहे. 'सर्व माझ्यामुळेच बिघडले' असे म्हणणारा मनुष्य नम्र दिसतो खरा, पण चार कारणे विसरून तोही स्वतःलाच एकमेव कर्ता मानीत असतो. तोही अहंकारच, फक्त त्याने शोकाचे वस्त्र नेसलेले असते.

याउलट पहिली चार कारणे न तपासता पाचव्यावर बोट ठेवणे हाही प्रमाद होय. नोंदणीची मुदत संपून गेली असेल, अर्जावर जुना पत्ता असेल, मधल्या दहा वर्षांविषयी अर्जात एक अक्षर नसेल, तर तेथे दैवाला दोष देण्याचे कारण नाही. नकार आला की पाचही कारणे कागदावर मांडावीत आणि प्रत्येकापुढे लिहावे: हे माझ्या हाती आहे काय? असल्यास उद्या काय करीन? एवढ्याने निम्मा विषाद ओसरतो. कारण विषादाला अस्पष्टता मानवते, हिशेब मानवत नाही.

(३) तामस धृती

आता मुख्य विषयाकडे वळू. आश्चर्य असे की, गीतेने तामस मनुष्यालाही धृती आहे असे म्हटले आहे. तोही धरून ठेवतो, परंतु काय? निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद ही पाच. चिकाटी नाही असे आपण ज्याला म्हणतो, त्याच्याजवळ बहुधा चिकाटी असते. ती चुकीच्या वस्तूला चिकटलेली असते, इतकेच.

निद्रा म्हणजे 'दिवाळी झाल्यावर अर्ज करू, मुलांची परीक्षा झाल्यावर पाहू' ही वृत्ती. शोक म्हणजे गेलेल्या वर्षांची उजळणी: आपल्याबरोबर शिकलेली मैत्रीण आज अधिसेविका झाली, आपण येथेच राहिलो. विषाद म्हणजे 'आता मला कोण घेणार' हा निकाल स्वतःच देऊन टाकणे. मद हा सर्वांत लपून बसणारा. तो म्हणतो, 'मी मोठ्या रुग्णालयात वॉर्ड सांभाळला आहे. आता वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलीच्या हाताखाली कसे राहू?' पुष्कळ दारे नकाराने बंद होत नाहीत, ती या मदाने आतून बंद केलेली असतात.

उरले भय. परिचारिकेच्या बाबतीत भयाचा विचार थोडा निराळा केला पाहिजे. कारण त्यात एक न्याय्य अंश आहे. तिच्या हातून चूक झाली तर ती वहीतील चूक नसते, रुग्णाच्या प्राणावर बेतते. अशा भयाला 'भिऊ नकोस' एवढेच सांगून भागत नाही. त्याचे औषध अभ्यास हेच आहे. काय बदलले आणि काय पुन्हा घोटले पाहिजे, हे नेमके पाहावे. चार उदाहरणे देतो.

पहिले, हृदयक्रिया बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाचे पुनरुज्जीवन. पूर्वी प्रथम श्वासमार्ग, मग श्वास आणि नंतर छातीवर दाब, असा क्रम शिकवीत. २०१० साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तो बदलला आणि दाब प्रथम आला. आज मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत, असे शिकविले जाते. वाचून हे येत नाही. पुतळ्यावर हात बसवावा लागतो. त्यासाठीचे एक-दोन दिवसांचे वर्ग अनेक शहरांत चालतात.

दुसरे, इन्सुलिन. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेल्या कुप्याही मिळतात आणि १०० एककांच्याही. त्यांच्या सिरिंजही निरनिराळ्या असतात. १०० एककांचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर ते अर्धा मिलिलिटर होते, म्हणजे २० च्या जागी ५० एकके रुग्णाच्या शरीरात जातात. अडीचपट मात्रा! कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळवून पाहण्याची सवय मुलाखतीपूर्वीच पुन्हा अंगी बाणवावी.

तिसरे, सलाईनच्या थेंबांचे गणित. ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यावयाचा आणि नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर पडतो, असे धरा. एकूण थेंब १०,०००, मिनिटे २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हे गणित पाटावर बसून रोज दोन-तीन वेळा निरनिराळे आकडे घेऊन सोडविले, तर पंधरवड्यात पूर्वीची सहजता परत येते.

चौथे, रुग्णालयातील कचऱ्याचे वर्गीकरण. २०१६ च्या नियमांनी चार रंग ठरविले: रक्ताने माखलेल्या पट्ट्या व शरीराचे अवशेष पिवळ्यात, नळ्यांसारखे दूषित प्लास्टिक लाल रंगात, सुया व धारदार वस्तू पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि काच निळ्यात. त्यापूर्वी काम सोडलेल्या भगिनीला हे नवे असेल. पण एका दुपारी पाठ होण्याजोगे आहे.

असे एकेक भय नाव घेऊन समोर उभे केले की त्याचा धडा होतो. नाव न घेतलेले भय मात्र तामस धृतीचे अन्न होते.

(४) राजस धृती

राजस धृती फळाच्या इच्छेने धरून ठेवते. तिची चिकाटी प्रथम फार तेजस्वी दिसते. पहिल्या आठवड्यात वीस अर्ज. दर तासाला दूरध्वनी पाहणे. एकाच नामांकित रुग्णालयाचा ध्यास. तेथून नकार आला की सर्व उत्साह एका दिवसात मावळतो, कारण तो फळाच्या खुंटीला टांगलेला असतो. खुंटी निखळली की वस्त्र खाली पडते.

येथे पुष्कळ वाचक शंका घेतील.

शंका: वेतनासाठी नोकरी शोधणे हेच मुळी फळाची इच्छा नव्हे काय? मग ते निष्काम कसे होईल?

समाधान: गीतेने उपजीविकेचा निषेध कोठेही केलेला नाही, कर्मावाचून देहाचे पोषणही होणार नाही, असेच तिसऱ्या अध्यायात बजाविले आहे. घर चालविण्यासाठी वेतन हवे, ते योग्य मिळावे अशी अपेक्षा ठेवणे हा गृहस्थधर्मच आहे. निषेध आहे तो फळाला आपल्या प्रयत्नाचे माप बनविण्याचा. 'आज उत्तर आले नाही, म्हणून आजचा दिवस व्यर्थ' असे म्हणणे ही आसक्ती. 'आज मी दोन अर्ज नीट केले, एक धडा वाचला. माझे कर्म झाले' असे म्हणणे हा योग. याच न्यायाने अगतिक होऊन काहीही पत्करणे हेही फलासक्तीचेच रूप होय. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, किंवा मूळ प्रमाणपत्रे कायमची ठेवून घेण्याची अट घातली, तर तेथून परतावे. प्रमाणपत्रे दाखवावीत, प्रती द्याव्यात. मूळ कागद आपल्यापाशी असावेत.

(५) सात्त्विक धृती

सात्त्विक धृती मन, प्राण आणि इंद्रिये यांच्या क्रिया एका नियमात धरते. तिचे चिन्ह नियमितपणा हे आहे. सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कसा करावा हे सांगताना चित्त खिन्न होऊ न देता तो निश्चयाने करावा असे म्हटले आहे. निश्चय आणि अखिन्नता, दोन्ही हवीत. नुसता निश्चय असेल तर मनुष्य कडवट होतो. नुसती प्रसन्नता असेल तर तो स्वस्थ बसतो.

इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८४५ साली सॅलिसबरीच्या रुग्णालयात काम शिकण्याची परवानगी मागितली. घरच्यांनी ती नाकारली. १८५१ मध्ये त्यांना जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे सुमारे तीन महिने शिक्षण मिळाले, आणि १८५३ मध्ये लंडनच्या एका लहान रुग्णालयाची देखरेख त्यांच्याकडे आली. स्कुटारी येथे सैनिकांची सेवा करण्यास त्या गेल्या त्या १८५४ मध्ये. जग या शेवटच्या वर्षाचे गुणगान करते. साधकाने त्यापूर्वीची वर्षे पाहावीत. दार बंद असताना त्या पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल अभ्यासीत असत. दैव अनुकूल नसताना त्यांनी कर्ता आणि करण सिद्ध ठेवले. म्हणून दार उघडले तेव्हा तयारीसाठी थांबावे लागले नाही. आपल्याकडेही १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा प्रतिष्ठित घरातील स्त्रीने परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे समाजाला रुचत नव्हते. रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशा काळात स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. आज ती वाट रुळलेली आहे, हे त्या धृतीचेच फळ होय.

(६) आचरणाचा क्रम

विचार आचरणात उतरावा म्हणून पुढील क्रम सुचवितो.

पहिले काम नोंदणीचे. राज्याच्या परिचर्या परिषदेकडे चौकशी करून नूतनीकरण करावे. विवाहानंतर राज्य बदलले असेल तर नव्या राज्यात नोंदणीसाठी काय लागते ते लेखी विचारून घ्यावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास त्याचाही पुरावा जोडावा. जुन्या रुग्णालयाकडून अनुभवाचा दाखला आणावा.

दुसरे, अर्जात मधली वर्षे लपवू नयेत. 'या काळात कुटुंबातील रुग्णाची व मुलांची देखभाल केली. आता पूर्ण वेळ काम करण्यास मोकळी आहे. अमुक प्रशिक्षण नुकतेच घेतले आहे' अशी तीन सरळ वाक्ये पुरेत. सत्य थोडक्यात सांगितले म्हणजे त्याला बळ येते.

तिसरे, रोजचे माप ठरवावे. एक तास अभ्यास आणि आठवड्याला झेपतील तितकेच, पण नीट केलेले अर्ज. आठ दिवसांनी प्रत्येक ठिकाणी एकदा विनयाने विचारपूस करावी. नकार मिळाल्यास अधिसेविकांना विचारावे, 'माझ्यात काय उणे आहे, ते कृपा करून सांगाल काय?' याचे खरे उत्तर मिळाले तर ते दहा शुभेच्छांहून मोलाचे असते.

चौथे, चेष्टा विविध असाव्यात. गीतेने हे विशेषण उगाच लावलेले नाही. एकाच प्रकारचा अर्ज शंभर वेळा करणे ही धृती नव्हे. मोठ्या रुग्णालयात तत्काळ जागा नसेल, तर लहान नर्सिंग होम, डायलिसिस केंद्र, नेत्ररुग्णालय, वृद्धांची घरगुती शुश्रूषा, कंत्राटी शासकीय पदे यांचा विचार करावा. सहा महिने तेथे केलेले काम 'अलीकडचा अनुभव' या आक्षेपाचे उत्तर होते. हेतू धरून ठेवावा, वाट बदलावी.

शंका: असे किती दिवस करावे?

समाधान: महिन्याच्या शेवटी वही उघडून प्रयत्नांची पाहणी करावी आणि उपाय बदलावेत, एवढी एकच मुदत शास्त्राला मान्य आहे. काही दारे, उदाहरणार्थ वयोमर्यादेची, खरोखरच बंद असतील. ती बंद आहेत हे शांतपणे स्वीकारणे हाही विवेक आहे. परंतु कल्याणकारी कर्म करणाऱ्याची दुर्गती होत नाही, असे आश्वासन भगवंतांनी सहाव्या अध्यायात दिले आहे. उजळलेली विद्या नोकरी मिळण्यापूर्वीही शेजारच्या आजारी माणसाच्या उपयोगी पडते.

(७) घरातील मंडळींस दोन शब्द

हा लेख केवळ परिचारिका वाचणार नाहीत. त्यांचे पती, सासूसासरे, दीर, मुलेही वाचतील. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, पाच कारणांपैकी अधिष्ठान पुष्कळ अंशी त्यांच्या हाती आहे. जिने आपली दहा वर्षे घराला दिली, तिला रोज एक तास निर्विघ्न अभ्यास मिळावा म्हणून स्वयंपाकघराचा भार उचलणे, रात्रपाळी आली तर मुलांची व्यवस्था आधीच ठरविणे, आणि मुलाखतीहून ती परतली की 'काय झाले?' असे विचारण्याऐवजी आधी तिच्यापुढे पाणी ठेवणे, हाही यज्ञच आहे. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या स्त्रीला घरानेच टाकून बोलावे, हे धर्माला शोभणारे नाही.

आत्मपरीक्षणासाठी प्रश्न

१. आज मी काय धरून ठेवले: कर्म, की फळ, की भय?
२. शेवटच्या नकारात पाचांपैकी कोणते कारण होते? माझ्या हातातील कोणते काम अजून राहिले आहे?
३. माझ्या विद्येतील कोणता भाग मला भिववितो, आणि त्याचा अभ्यास मी कोणत्या दिवशी आरंभणार आहे?
४. माझ्या घरात कोणी पुन्हा उभे राहू पाहत असेल, तर त्याच्या अधिष्ठानाला मी काय आधार दिला?

हे चार प्रश्न रोज रात्री निजण्यापूर्वी स्वतःस विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. सकाळी उठून त्यांतील जे पहिले हाती येण्याजोगे असेल, ते आरंभावे.